नव्या चित्रकला शिक्षकाला

भाऊ, रुजू झालास, आनंद आहे. आता फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा, निवडणुकीची कामं, सगळं तुझ्याच गळ्यात पडणार. कुरकुर करू नको. फळा मात्र मनापासून लिही. गावातले लोक तुझं अक्षर फळ्यावरूनच ओळखतात.

एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी जुलैपासून धर. पोट्टे वस्तुचित्रात बरे असतात, अक्षरलेखनात मार खातात. वस्तू बाहेरून आणायच्या भानगडीत पडू नको. घरचा पितळी गडवा, दोन वांगी, कापसाचं बोंड, झालं. बोंड तर मुद्दाम ठेव: पांढऱ्यावर पांढरी छाया कशी पडते ते त्यांना तिथंच कळतं. माझ्या वर्गातली एक पोरगी छायेत निळा घालायची. मी आधी रागावलो, मग खिडकीशी नेऊन पाहिलं. तिचंच खरं होतं.

उन्हाळ्यात पॅलेटवरचा रंग बघता बघता वाळतो. शाळा सकाळची असली तरी दहानंतर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट हात, मारू नको. पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाक, थोडा वेळ मिळतो.

फाल्गुनात पोरांना बांधावर ने. पळसाची फुलं पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो, चिमूटभर चुना टाकला की गडद होतो. भांडं मात्र जुनं घे, नाहीतर घरी बोलणी खाशील. मी खाल्ली आहेत.

अन् तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याच्या, आदल्या दिवशी लाकडी बैल रंगवायला पोरं दारात येतील. झोपेचं विसर, चहा ठेव. शिंगं शेवटी रंगव, हाताला लागतात.