बाहेरून पैसे आले म्हणजे टॅक्स माफ, असं नसतं

अरे, ऑफिसात तुला जे सांगितलं ना की बाहेरून आलेल्या डॉलरला कोणी काही विचारत नाही, ते 1991 चं आहे, तेव्हा देशाची गंगाजळी आटली होती म्हणून खास कायदा केला, मुदतीत परकीय चलन पाठवा किंवा स्टेट बँकेचे इंडिया डेव्हलपमेंट बाँड घ्या, पैसा कुठून आला विचारणार नाही. प्रामाणिक टॅक्स भरणाऱ्यांवर अन्यायच तो, माझं स्पष्ट मत. ती मुदत कधीच संपली.

आता दुबईच्या सख्ख्या मामाने गिफ्ट दिलं तर टॅक्स नाही, पण मामेभाऊ कायद्याने नातेवाईकच नाही, त्याने वर्षात 50,000 रुपयांच्या वर पाठवले की पूर्ण रकमेवर लागतो. बँकेच्या दादर ब्रांचमधून रेमिटन्सचा, म्हणजे बाहेरून पैसे आल्याचा, दाखला आजच माग, आणि मामाकडून सही केलेलं गिफ्ट डीडपण घेऊन ठेव.