कोल्ड अ‍ॅटमचा थिअरिस्ट दिवसभर करतो काय?

एमएस्सी झाली, थिअरी आवडते, पण लॅब नसेल तर कोल्ड अ‍ॅटममध्ये (निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केलेल्या अणूंच्या फिजिक्समध्ये) दिवसभर करणार काय, असं विचारलंयस. मीही यातच पीएचडी आणि दोन पोस्टडॉक घासलेत, पण माझं राहू दे, यातलाच नावाजलेला थिअरिस्ट पीटर झोलर, त्याचं बघ.

गडी ऑस्ट्रियाचा, पीएचडी इन्सब्रुकची, १९७७. ९१ ते ९४ अमेरिकेत बोल्डरच्या जिलामध्ये (JILA, तिथली फिजिक्सची संशोधन संस्था) प्रोफेसर, मग परत इन्सब्रुक. ९५ च्या जूनमध्ये त्याच जिलात रुबिडियमचं कंडेन्सेट झालं (ढीगभर अणू एकाच क्वांटम अवस्थेत), १७० नॅनोकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर.

आता खरी गंमत १९९८ च्या पेपरची (याक्श, ब्रूडर, सिराक, गार्डिनर आणि झोलर). समोरासमोर लेझर सोडले की उभी लहर तयार होते, म्हणजे प्रकाशाचं आप्पेपात्रच समज, खळग्यांत अणू. अणू शेजारच्या खळग्यात टनेल होतो (मधला उंचवटा न चढताच आरपार जातो), आणि एकाच खळग्यात दोन आले की एकमेकांना ढकलतात, बास, हेच बोस-हबर्ड मॉडेल. मॉडेल काही यांचं नव्हे, त्यातलं फेज ट्रान्झिशन (एका अवस्थेतून दुसरीत जाणं) तर १९८९ लाच मांडलं गेलेलं. यांनी काय केलं, तर खऱ्या अणूंचे खरे आकडे घालून दाखवलं की लेझरची पॉवर वाढवली की टनेलिंग धडाधड पडतं आणि सुपरफ्लुइडचा (अणू सगळ्या खळग्यांत मोकळे पसरलेले) मॉट इन्सुलेटर (प्रत्येक खळग्यात ठरावीक अणू, जागीच अडकलेले) होतो. २००२ ला म्युनिकमध्ये ग्राइनर-ब्लॉख मंडळींनी ते करूनच दाखवलं, दीड लाखावर खळगे, पॉवर वाढवली की इंटरफिअरन्सचे ठिपके (अणू मोकळे पसरल्याची खूण) गायब, कमी केली की परत हजर! परत आले हे महत्त्वाचं, नाहीतर नुसते तापून बिघडले असं कुणीही म्हणालं असतं.

तर दिवसभर हेच. हॅमिल्टोनियन (सिस्टिमच्या ऊर्जेचं गणिती सूत्र) लिहायचा, मग अणू किती टिकतील, किती तापतील, कॅमेऱ्यात नेमकं काय दिसेल याचे हिशोब. आणि हो, दुसऱ्या फील्डची टॉक्स चुकवू नकोस, ९४ ला बोल्डरच्या कॉन्फरन्समध्ये आर्टुर एकर्ट या फिजिसिस्टचं क्वांटम कम्प्युटिंगवरचं टॉक झालं आणि पुढच्याच वर्षी सिराक-झोलरचा आयन गेटचा (अडकवलेल्या आयनांवर क्वांटम कम्प्युटर कसा चालवायचा याचा) पेपर आला.

नोकऱ्या कमीच आहेत, खोटं कशाला बोलू. कोडिंग मात्र पक्कं कर. पुण्यात असशील तर आयसरमध्ये (IISER, विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) थंड अणूंची लॅब आहे, तिथल्या पीएचडीवाल्यांना चहाला गाठ आणि आधी एवढंच विचार, तुमच्या ट्रॅपमध्ये अणू किती सेकंद टिकतात.