चिनीचं पहिलं सत्र? आधी कान तयार कर

लिपीची धास्ती नंतर घे. चिनीत सूर, म्हणजे शब्द म्हणतानाचा आवाजाचा चढउतार, बदलला की अर्थच बदलतो: 'माय' तिसऱ्या सुरात म्हटलंस तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलंस तर विकणं! पहिल्या तोंडी परीक्षेत मी सगळं दुकानच उलटं चालवलं होतं. म्हणून शब्द पाठ करताना सूर त्याच्यासकटच पाठ कर. नंतर चिकटवू म्हटलं की तो चिकटत नाही.

पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत; ती अक्षरं इंग्रजीसारखी वाचू नकोस. तिथला 'बी' आपल्या 'प'च्या जवळचा, आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला 'फ'. क-ख, त-थ हा भेद आपल्या तोंडात लहानपणापासून आहे, इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शिकावा लागतो. हा फायदा फुकट घालवू नकोस.

अक्षरं रोज पाचच, पण हाताने. 'हाव' म्हणजे चांगलं: डावीकडे बाई, उजवीकडे मूल. असे घटक ओळखू आले की नुसतं रेघांचं जंगल दिसत नाही. रेघांचा क्रम मात्र पहिल्या दिवसापासून नीट ठेव, कितीही कंटाळा आला तरी.

व्याकरणात क्रियापदाला ना लिंग ना वचन, तिथे निवांत राहा. फक्त आकडा आणि नाम यांच्यामधला मोजशब्द गाळू नकोस: तीन पुस्तकं म्हणजे 'सान पन शू', यातला 'पन' हा मोजशब्द.