लष्करातल्या महिलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेत कम्युनिकेशनची नोकरी घ्यावी का?

घ्या. फक्त पहिल्या दिवशी 'एकमेव' हा शब्द डोक्यातून काढून टाका.

मास कॉम करून अशा संस्थेत दोन वर्षं घालवली तर ती वाया जातील का, असं तुम्ही विचारलंय. त्यावर येते, पण आधी मी काय घाण करून ठेवली ते ऐका.

दिल्लीतल्या अशाच एका छोट्या संस्थेत मी हेच काम करत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात बबिता पुनिया प्रकरणाचा निकाल लागला आणि लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना परमनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरीत राहण्याचा, रस्ता मोकळा झाला. टीव्हीवर दिवसभर रणगाडे फिरत होते. लढाऊ शाखांचा मुद्दा त्या निकालात नव्हताच. भांडण होतं ते बढती, कमांड आणि पेन्शनचं. पण पेन्शनचा फोटो कुठून काढणार?

खरी मेख पुढे आली. परमनंट कमिशनसाठी निवड करणाऱ्या सिलेक्शन बोर्डाने या बायकांचे एसीआर, म्हणजे वरिष्ठांनी दरवर्षी लिहिलेले गोपनीय अहवाल, पाहिले ते पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतचेच. वैद्यकीय निकष मात्र आजचा, शेप-१, म्हणजे लष्करातली तंदुरुस्तीची सर्वात वरची श्रेणी. म्हणजे कामगिरी तरुणपणीची बघायची आणि गुडघे चाळिशीतले! शिवाय या बाईला परमनंट कमिशन मिळणारच नाही म्हणून वरिष्ठांनी ते एसीआरही उरकून टाकलेले. मला हीच बातमी हवी होती. संस्थेतले आमचे सर म्हणाले, "हे कोण वाचणार? एक चेहरा दे."

मग लष्कराच्या इंजिनिअर्स शाखेतल्या एक मराठी मॅडम बोलायला तयार झाल्या. नोकरीतल्या माणसाला परवानगीशिवाय प्रेसशी बोलता येत नाही, आर्मी रूल्स १९५४ चा नियम २१ आहे. म्हणून मी नाव बदललं, हुद्दा काढला, गाव काढलं, मुलींची वयं काढली. सरांनी शेवटच्या मसुद्यात एकच ओळ वाढवली: 'त्या ठाण्यावरची एकमेव महिला अधिकारी'. म्हणे, भिडतं. मला ते खटकलं होतं, तरी मेल पाठवला.

छापून आलं त्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. आवाज अजिबात चढलेला नाही. "अगं, नाव बदललंस, पण एकमेव ठेवलंस. इथं एकमेव मीच की." मी सॉरी म्हणत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ठेवते. सीओंनी, आमच्या कमांडिंग ऑफिसरनी, दहाला बोलावलंय."

त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला, एवढंच नंतर तिसऱ्याकडून कळलं. २५ मार्च २०२१ ला महिला अधिकाऱ्यांच्याच नितिशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सगळं म्हटलं, एसीआर आणि मेडिकल दोन्हींवर बोट ठेवून. मी त्यांना मेसेज केला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

सर आजही म्हणतात की चेहऱ्याशिवाय बातमी होत नाही. साफ चूक. चेहरा हवाच असेल तर निवृत्त झालेल्यांचा घ्या, त्या मनमोकळं बोलतात. आणि 'रणरागिणी', 'वाघीण' लिहिणाऱ्याला महिनाभर फक्त एसीआरचे फॉर्म वाचायला बसवावं.

आता तुमचं. दोन वर्षं वाया जात नाहीत. कोर्टाचा निकाल वाचून दोन तासांत सोप्या भाषेत एक पान लिहिता यायला लागलं, की ते कुठेही उपयोगी पडतं. पगाराचं मात्र विचारूनच जा. संस्था परदेशी देणगीवर चालत असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे. आमच्याकडे आमचे पगार त्यातच धरायचे, त्यामुळे कात्री पहिली इथेच लागली. सगळीकडे असंच असेल असं नाही, आणि माझा अनुभव एकाच संस्थेचा आहे, हेही धरून चाला.

मुलाखतीत एवढं विचारा, की छापायला देण्याआधी मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवता का? आमचे सर नंतर सगळ्यांना सांगायचे, वेळच नव्हता. मेल मी मंगळवारी संध्याकाळी पाठवला होता. छापून आलं ते रविवारच्या पुरवणीत.