स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग कधी काढायचं?

प्रश्न : आमच्या घराचा स्लॅब पुढच्या आठवड्यात पडतोय. सर्वांत लांब खोली १४ फूट, सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं). ठेकेदार म्हणतो, सातव्या दिवशी सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) काढू. चालेल का?

उत्तर : सगळं काढू देऊ नका. साडेचार मीटरपर्यंतच्या (सुमारे १५ फूट) स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, पण ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस हलवायचे नाहीत. शिवाय हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे. पीपीसी सावकाश ताकद धरतं, म्हणून स्लॅबलाही १० ते १४ दिवस द्या. सेंटरिंगचं भाडं वाढतं म्हणून घाई होते, एवढंच.

खरा घोटाळा पाण्यात होतो. एम-२० काँक्रीटला (सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३) गोणीमागे फार तर ३० लिटर पाणी; वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल सहज पसरावा म्हणून मजूर बादली वाढवतात आणि स्लॅब पुढे गळतो. मापाची बादली ठरवून द्या, माल दाबून बसवणारा व्हायब्रेटर लावाच.

ओतण्याआधी सळीखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळी फळीला टेकू नये म्हणून ठेवायचे ठोकळे) आणि पंख्यांचे बॉक्स तपासा. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वाफे बांधून किमान १० दिवस पाणी साठवा, उन्हाळ्यात १४.