सोमवारी सह्या करायच्या आधी हे वाचा

अमळनेरचे भाऊ, तुमचे दाजी कोळशाच्या जहाजावर वारले, कंपनी 'हार्ट अटॅक' म्हणते आणि सोमवारी ताईंना सह्यांसाठी मुंबईला बोलावलंय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी शब्दन् शब्द हाच होता. आपल्या खान्देशात जहाजावरचं घर गावात एखादं, विचारायचं कुणाला?

दाखले वगैरे तुम्ही बघालच. मी एका कागदाबद्दल बोलतो. आमच्या, जहाजावर भरती करणाऱ्या एजंटच्या ऑफिसात (नाव घेत नाही) भुसावळहून रात्रभर बसून आलेल्या वहिनीपुढे इंग्रजी पानं सरकवली. "सामान मिळाल्याची पावती आहे, ताई." मराठीत सांगा म्हटलं तर साहेब जेवायला उठले ते आलेच नाहीत. शिपाई मात्र पेन धरून उभा. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात: यापुढे कोणताही दावा राहणार नाही. त्या ओळीपायी पुढे वकील, तारखा, आणि कपाशीचं एक शेत गेलं. अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

मी वकील नाही, जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. पण २००६ चा सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारलाय. मृत्यूच्या भरपाईसाठी जहाजमालकाला विम्यासारखी आर्थिक हमी ठेवावी लागते, तिचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असतं. ठरल्यापेक्षा कमी रक्कम घ्यायला दबाव आणायचा नाही, असं त्यातच आहे. ते प्रमाणपत्र आणि दाजींचा नोकरीचा करार आधी मागा. नोकरीच्या काही करारांत कारण कुठलंही असो, भरपाई मिळते, काहींत नाही.

अटॅक खोटाच असं मी म्हणत नाही. जहाजावर आजाराने जाणाऱ्यांत हृदयविकारच पुढे, आणि मालवाहू जहाजावर बहुधा डॉक्टर नसतो. पण कोळसा, लाकूड, भंगार लोखंड बंद होल्डमधला (माल भरायच्या कप्प्यातला) ऑक्सिजन खाऊन टाकतात. हवेत तो २०.९ टक्के असतो. फार उतरला की माणूस शिडीवरच कोसळतो, वाचवायला उतरलेलाही जातो. म्हणून दाजी शेवटी कुठे होते, होल्डमध्ये जायचं परमिट होतं का, गॅस मीटरवर काय आकडा होता, हे लेखी विचारा. लॉगबुकची (जहाजावरच्या रोजच्या नोंदवहीची) प्रत मागा. पोस्टमॉर्टेम झालं का, तेही अग्नी देण्याआधी विचारा. उत्तर टाळलं तर मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाला (जहाजांचं सरकारी खातं) एजंटच्या लायसन्स नंबरासकट मेल टाका.

(भाचा जहाजावर जायचं म्हणत असेल तर नोकरी लावून द्यायचे पैसे कुणालाही देऊ नका, ते घेणंच बेकायदेशीर आहे.)

ताईंना एकटं पाठवू नका. पानांचे फोटो काढून आणा. राहिलेला पगार हक्काचाच आहे, त्याची पावती वेगळ्या कागदावर मागा.