ब्रह्मोस असताना हजार किलोमीटरचं सबसॉनिक मिसाईल नेव्हीला कशाला? (आणि प्रोजेक्ट कशावर घ्यावा)

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की ब्रह्मोस मॅक २.८ ने, म्हणजे आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातं, मग डीआरडीओ विमानाच्या स्पीडने जाणारं निर्भय आणि आता त्याच्या पुढचं एलआरएलएसीएम (जमिनीवर मारायचं लांब पल्ल्याचं क्रूझ मिसाईल) कशाला करतंय, सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू) म्हणजे जुनी टेक्नॉलॉजी ना, आणि तुझे मित्र म्हणतायत की फायनल इयरचा प्रोजेक्ट छोट्या टर्बोफॅनऐवजी (अशा सबसॉनिक मिसाईलचं फिरत्या पात्यांचं जेट इंजिन) रॅमजेटवरच (ब्रह्मोसचं, फिरती पाती नसलेलं इंजिन) घे. मी भोसरीत प्रिसिजन मशीनिंगमधे बावीस वर्षं काढली आणि या विषयाचं वाचन त्याहून जुनं आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो, कारण मला तुझ्या मित्रांचं म्हणणं पटत नाही.

आधी वजन बघ. जहाजावरचं ब्रह्मोस साधारण ३ टनांचं, वॉरहेड (टोकातला स्फोटक भाग) २००-३०० किलो, सुरुवातीची रेंज २९० किमी. हा २९० चा आकडा एमटीसीआर या मिसाईल निर्यातीवर बंधन घालणाऱ्या देशांच्या गटाच्या ३०० किमीच्या मर्यादेमुळे होता, भारत जून २०१६ मधे त्यात सामील झाला आणि मग रेंज ४०० च्या पुढे नेली. पण नुसता कागदी अडसर नव्हता तो, मॅक २.८ ला हवेचा विरोध एवढा असतो की इंधन धडाधड संपतं. आता अमेरिकेचं सबसॉनिक टॉमाहॉक घे, बूस्टर धरून दीड टनाच्या आसपास, वॉरहेड ४५० किलो, स्पीड ताशी ८८० किमी आणि रेंज १६०० किमी. म्हणजे निम्म्या वजनात जास्त वॉरहेड आणि कितीतरी लांब. स्पीड सोडली म्हणून हे मिळालं.

मग स्पीड लागते कुठे? हलणाऱ्या टार्गेटला. समज शत्रूचं जहाज १००० किमीवर आहे आणि तू ८८० ने जाणारं मिसाईल सोडलंस, तर पोचायला ६८ मिनिटं, तेवढ्यात २५ नॉट्सने (ताशी ४६ किमी) जाणारं जहाज ५० किमी सरकलेलं असतं, कुठल्या दिशेला ते तुला माहीत नाही. अमेरिकन नेव्हीकडे टॉमाहॉकचं जहाजविरोधी व्हर्जन होतं, रेंज साधारण ४५० किमी, ते १९९० च्या दशकात काढून टाकलं, कारण क्षितिजापलीकडे नेमकं शत्रूचंच जहाज आहे की एखादं व्यापारी, हे खात्रीने सांगणारं तेव्हा काही नव्हतं. त्यामुळे जहाजावर मारायला ब्रह्मोस बेस्टच आहे, त्यात वाद नाही. साधा हिशोब करून बघ, २० मीटर उंचीवरच्या रडारला पाण्यावरून १० मीटर उंचीने येणारं मिसाईल ३०-३१ किमीवर आल्यावरच दिसतं, सबसॉनिक असेल तर जहाजाला दोन मिनिटं मिळतात, ब्रह्मोस असेल तर जेमतेम अर्धं मिनिट. पण रिफायनरी, धावपट्टी, रडार स्टेशन, दारूगोळ्याचं कोठार कुठे पळत नाही. तिथे प्रश्न फक्त तू किती लांबून मारू शकतोस एवढाच.

आणि लांबून मारणं नेव्हीला किती महत्त्वाचं ते आपल्याइतकं कोणाला माहीत असणार. १९७१ ला ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या मिसाईल बोटी कराचीवर गेल्या तेव्हा त्यांच्याकडच्या पी-१५ मिसाईलची रेंज ४० किमीच्या आसपास होती, म्हणजे छोट्याशा बोटी घेऊन शत्रूच्या मुख्य बंदराच्या तोंडाशी जायचं आणि मारून परत यायचं. माझ्या मते त्या बोटींवरच्या लोकांनी जे केलं ते फक्त मिसाईलच्या जोरावर नव्हतं, छातीच्या जोरावर होतं. पण प्रत्येक वेळी माणसं एवढ्या जवळ पाठवायला लागू नयेत म्हणूनच तर ही लांब पल्ल्याची मिसाईल्स. ७ ऑक्टोबर २०१५ ला रशियाने कॅस्पियन समुद्रातून २६ कॅलिबर क्रूझ मिसाईल्स सोडली, ती १५०० किमी जाऊन सीरियात पडली, आणि सोडणाऱ्या चारपैकी तीन जहाजं कॉर्व्हेट्स, म्हणजे एकेक हजार टनांच्या आतबाहेरची छोटी लढाऊ जहाजं होती. एवढ्याशा जहाजाला एवढा लांब हात, याचा विचार कर.

आता असं मिसाईल रस्ता कसा शोधतं, मला सगळ्यात आवडणारा भाग. तू रात्रीच्या एसटीने साताऱ्याला जातोयस, डोळे मिटलेत, तरी गाडी चढायला लागली, मग बोगद्याचा आवाज आला, की कळतं कात्रज आलं. पुढे लांब चढ लागला की खंबाटकी. टॉमाहॉकचं टेरकॉम अगदी हेच करायचं, खाली रडार अल्टिमीटरने (उंची मोजणाऱ्या रडारने) जमिनीचे चढउतार मोजायचे, आतल्या नकाशाशी ताडून बघायचे. गोची अशी की समुद्र सपाट, तिथे ना कात्रज ना खंबाटकी. पाण्यावरून उडताना इनर्शियल नॅव्हिगेशनची (स्वतःच्या हालचाली मोजून जागा काढायच्या पद्धतीची) चूक हळूहळू साचत जाते, म्हणून किनारा ओलांडल्यावर पहिली ओळखीची टेकडी कुठे गाठायची हे आधी ठरवून ठेवावं लागायचं. जानेवारी १९९१ ला गल्फ वॉरमधे पहिल्यांदा वापरली तेव्हा सपाट वाळवंटाने हाच त्रास दिला. जीपीएस नंतरच्या ब्लॉक थ्री या व्हर्जनमधे आलं.

स्लो मिसाईल पाडता येतं का, हो, येतं. युक्रेनने कॅलिबर भरपूर पाडलीत. खाली उडून, डोंगराआड लपून, वळणं घेत गेलं तरी दिसल्यावर ते पाडायला सोपंच. म्हणून ती थव्याने सोडावी लागतात, आणि इथे जहाजाची अडचण येते, व्हर्टिकल लाँचरचे सेल (मिसाईल ठेवायचे उभे कप्पे) मोजकेच. आपल्या विशाखापट्टणम क्लासच्या एका जहाजावर ब्रह्मोस १६. सेल रिकामे झाले की बंदरात परत, भर समुद्रात ते भरणं इतकं अवघड की अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ मधे ते करून दाखवलं तेव्हा त्याची बातमी झाली. एलआरएलएसीएमची पहिली टेस्ट १२ नोव्हेंबर २०२४ ला चांदीपूरला झाली ती ट्रकवरच्या लाँचरमधून, पण ते जहाजावरच्या युनिव्हर्सल व्हर्टिकल लाँच मॉड्यूलमधूनही सुटेल असंच डिझाइन केलंय.

आता तुझा प्रोजेक्ट. टॉमाहॉकचं एफ-१०७ टर्बोफॅन इंजिन साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचं, वजन ६५ किलोच्या आसपास, थ्रस्ट पावणेतीनशे किलो. एवढ्याशा नळकांड्यावर १६०० किमीचा सगळा डोलारा उभा आहे. छोटं म्हणजे सोपं असं वाटतं, पण उलट आहे. ब्लेडचं टोक आणि केसिंग यात जी फट ठेवावी लागते ती इंजिन लहान केलं म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाही, दोन इंच व्यासाच्या कॉम्प्रेसरला तीच फट मोठ्या भोकासारखी असते, हवा तिथून मागे गळते आणि एफिशियन्सी जाते. वर आरपीएम प्रचंड, त्यात बेअरिंग टिकवायचं. आमच्याकडे दोन शतांश मिलिमीटरवरून जॉब रिजेक्ट व्हायचे तेव्हा पोरं वैतागायची, त्यांना मी हेच उदाहरण द्यायचो.

आणि आपण अडकलो होतो ते यातच. निर्भयची मार्च २०१३ ची पहिली टेस्ट मधेच थांबवावी लागली, ऑक्टोबर २०१४ ची जमली, मग पुन्हा अपयश, नोव्हेंबर २०१७ ला ५० मिनिटांत ६४७ किमी उडालं, पण इंजिन रशियन. बंगळुरूच्या जीटीआरई या डीआरडीओच्या इंजिन प्रयोगशाळेचं माणिक इंजिन लावून १८ एप्रिल २०२४ ला टेस्ट यशस्वी झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

म्हणून टर्बोफॅनच घे. अख्खं इंजिन डिझाइन करायला जाऊ नकोस, वर्ष त्यातच जाईल. एकच छोटी कॉम्प्रेसर स्टेज घे, टिप क्लिअरन्स (तीच टोकाची फट) ०.१ मिमीपासून ०.४ मिमीपर्यंत बदलत एफिशियन्सी किती पडते ते सीएफडीमधे (हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) काढ, आणि जमलं तर एक इम्पेलर (कॉम्प्रेसरचं फिरतं चाक) ५-अ‍ॅक्सिसवर कापून घे, रॅमजेटमधे असं हातात धरून मोजायला काही मिळणार नाही. मशीनिंगचं ड्रॉइंग तयार झालं की दाखव, टॉलरन्स मी बघून देतो.